भारंगी घरी लावायचीये? मुळाला हात न लावता सुरुवात अशी करा

श्रावणात माळशेज, भीमाशंकर किंवा कर्जतच्या बाजूला रानात गेलात तर वाटेच्या कडेला कमरेएवढं, कधी डोक्याएवढं एक झुडूप दिसतं, शेंड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचा तुरा, आणि लांबून बघितलं तर निळी फुलपाखरं ओळीनं येऊन बसलीयेत असंच वाटतं. ती भारंगी. आपल्या सह्याद्रीची, इथलीच. एकदा बघितली की बहुतेकांना ती घरी हवीशी वाटते, आणि मग जे होतं ते मला बघवत नाही, म्हणजे लोक तिथंच फांदी धरून ओढतात, नाहीतर काठीनं उकरून मुळासकट उपटतात आणि पिशवीत घालून घरी आणतात, आठवड्यात झाड जातं. रानातलंही गेलं आणि कुंडीतलंही गेलं. म्हणून हे सगळं लिहितोय. भारंगी लावणं अवघड नाहीये, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, या झाडाचा जीव मुळात आहे, त्यामुळे मुळाशी जेवढी कमी झटापट कराल तेवढं बरं.

आधी ओळख पटवा, घाई नको

भारंगी तुळशीच्या कुळातली. ऐकून आश्चर्य वाटेल कारण पानं चुरडली तर तुळस-पुदिन्यासारखा वास वगैरे काही येत नाही. पूर्वी हिला घाणेरीच्या कुळात धरायचे, साग आणि निर्गुडीसुद्धा तिथंच होती, मग १९९० च्या दशकात वनस्पतीशास्त्रज्ञांनी नव्यानं मांडणी केली आणि ही सगळी मंडळी तुळशीकडे आली. शास्त्रीय नावही बदललं, आधी क्लेरोडेंड्रम सेराटम होतं, १९९८ पासून रोथेका सेराटा. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, नर्सरीत उपयोगी पडतात, कारण अजून बऱ्याच ठिकाणी पाटीवर जुनंच नाव असतं. सेराटा म्हणजे करवतीसारखे दाते असलेली.

आता झाडासमोर उभं राहून काय बघायचं. कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवा, ती गोल नाही, चौकोनी लागते, चार कडा बोटाला कळतात. पानं समोरासमोर, कधीकधी एकाच पेरावर तीन-तीन. पान वीतभर लांब, जाडसर, हाताला थोडं खरबरीत, कडेला ठळक दाते, आणि देठ जवळजवळ नाहीच, पान थेट खोडाला चिकटल्यासारखं. ही देठाची खूण सगळ्यात कामाची आहे. पावसाच्या सुरुवातीला त्याच उतारावर कारवीही फुटलेली असते, तिचीही पानं समोरासमोर आणि दातेरी, नवीन माणूस तिथंच फसतो. कारवीच्या पानाला नीट देठ असतो आणि शिरा एकीला एक लागून ठळक उठलेल्या दिसतात.

फूल आलं की मग शंकाच राहत नाही. पाच पाकळ्या, त्यातल्या चार फिकट निळ्या, जवळजवळ पांढरट, आणि खालची पाचवी मोठी, होडीसारखी, गडद निळी-जांभळी. मधून चार लांब पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर कमान करून बाहेर आलेले, फुलपाखराच्या मिशाच म्हणा ना. एका फुलासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहा. काळा भुंगा येतो, त्या होडीवर उतरतो, त्याच्या वजनानं फूल खाली झुकतं. आधी फुलातले पराग तयार होतात आणि नंतर स्त्रीकेसराचं टोक दुभंगून पराग घ्यायला तयार होतं, म्हणजे एकाच फुलाचे पराग त्याच फुलाला लागायची शक्यता कमी.

रोप आणायचं कुठून

तीन रस्ते आहेत. नर्सरी, फांदी, बी. रानातून खणून आणणं हा चौथा रस्ता मी धरतच नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथून झाड उचलणं हा गुन्हाच आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी, भारंगीवर आधीच ताण आहे. आयुर्वेदात हिचं मूळ वापरतात, दमा, खोकला, सर्दी यांच्या औषधांत, भारंगीगुड हे नाव ऐकलं असेल. पानं तोडली तर झाड परत फुटतं, मूळ काढलं की संपलं. एका किलो वाळलेल्या मुळासाठी किती झुडपं जात असतील याचा नुसता विचार करा. त्यात आपण हौसेपायी भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

नर्सरीत जाणार असाल तर एक सांभाळा. निळ्या फुलपाखरासारखी फुलं म्हणून एक दुसरं झुडूप शोभेसाठी सर्रास विकलं जातं, ते भारंगीचंच भावंड आहे पण आफ्रिकेतलं. फूल खूप मिळतंजुळतं, पण त्याची पानं लहान, पातळ आणि चकचकीत, फांद्या सडपातळ. वाईट झाड नाही ते, पण आपली भारंगी नाही आणि त्याची भाजी वगैरे करायच्या भानगडीत पडू नका. म्हणून देशी झाडांची रोपं करणाऱ्या नर्सरीत जा, दोन्ही शास्त्रीय नावं सांगा आणि पान बघूनच पैसे द्या. वनविभागाच्या रोपवाटिकांतही चौकशी करून बघा, पावसाच्या तोंडावर औषधी रोपं असतात.

फांदीपासून करायचं तर

मला हा रस्ता सगळ्यात आवडतो. कुणाच्या तरी अंगणात, शेताच्या बांधावर भारंगी असेल तर त्यांना विचारून दोन फांद्या मागा, कुणी नाही म्हणत नाही. वेळ आषाढाची, म्हणजे पाऊस चांगला लागला की.

फांदी कोवळी हिरवी नको आणि पार जून लाकूडही नको, मधली, पेन्सिलीएवढी जाड. वीतभर लांब, निदान तीन पेरं हवीत. खालचा काप पेराच्या जरा खाली, तिरका, धारदार ब्लेडनं एका झटक्यात, चेपलेली फांदी कुजते. खालची सगळी पानं काढा, वरची जोडी ठेवा पण तीही अर्धी कापून, कारण भारंगीचं पान मोठं आहे, मूळ नसताना एवढ्या पानाला पाणी पुरवणार कोण. मग जाडी वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अर्धं-अर्धं घेऊन त्यात दोन पेरं जातील एवढी खोल खोचा, बाजूची वाळू दाबा. रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर असेल तर लावा, नसेल तर अडत नाही. वरून प्लॅस्टिकच्या बाटलीचा बूड कापलेला भाग टोपीसारखा ठेवा, झाकण काढून, म्हणजे दमटपणा राहतो आणि हवाही खेळते. सावलीत ठेवा, ऊन अजिबात नको.

आता कसोटीची वेळ. चार-पाच दिवसांत वरची पानं गळून पडतील, घाबरू नका, फांदी हिरवी आहे ना तोवर ती जिवंत आहे. पहिल्या वर्षी मी दर दोन दिवसांनी फांदी उपसून बघायचो मूळ आलं का म्हणून, आणि तशाच सहाच्या सहा घालवल्या, कारण नुकतं फुटलेलं मूळ केसासारखं असतं, उपसलं की तुटतं. दीड महिना हात लावायचा नाही. पेराशी नवीन पानाची जोडी फुटून चांगली मोठी झाली की समजायचं खाली काम झालंय. दहा लावल्यात आणि पाच जगल्या तरी उत्तम म्हणा, म्हणून लागतील त्याच्या दुप्पट लावा.

बी पासून

हे जरा संथ काम. फुलांनंतर हिरवी फळं येतात, पिकली की काळी-जांभळी, खाली फुलाचं बशीसारखं हिरवं बूड तसंच राहतं. फळाला चार खण असतात पण नीट बघितलंत तर त्यातला एखाद-दुसराच फुगलेला दिसतो, बाकीचे तसेच बारीक राहतात, त्यामुळे खूप फळं गोळा केली तरी बी थोडंच हाती येतं. गर चोळून धुवून काढा, बी राखेत घोळवून सावलीत वाळवा. बी कडक आहे, पेरायच्या आधी एक रात्र पाण्यात टाका. ट्रेमध्ये अर्धा इंच खोल पेरा आणि मग ट्रे विसरून जा, म्हणजे ओल ठेवा पण उगवलं का उगवलं का म्हणून उकरू नका. काही महिन्याभरात येतात, काही त्याच्याही नंतर, एकदम सगळी कधीच येत नाहीत. चार पानांवर रोप आलं की छोट्या पिशवीत हलवा. बी पासूनच्या रोपाला फूल यायला फांदीच्या रोपापेक्षा जास्त वाट बघावी लागते, पण प्रत्येक रोप वेगळं असतं, आणि चार-पाच झाडं एकत्र लावायची असतील तर बियांचीच लावा.

माती, जागा आणि कुंडी

ती रानात कुठं उगवते ते आठवा. उतारावर, झाडीच्या कडेला, जिथं सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी वर कुणाची तरी सावली असते. पाऊस धो धो पडतो पण पाणी थांबत नाही, उतारावरून निघून जातं. घरी हेच जमवायचंय. जमिनीत लावणार असाल तर बांधाची कड, आंबा-फणसाच्या सावलीची कड, कुंपणालगतची उंच जागा बघा, खोलगट जागा नको. दोन झुडपांत चार-पाच फूट अंतर.

कुंडीत लावायची तर निदान १६ इंचाची घ्या, खोल असलेली, ग्रो बॅगही चालते. माती मी अशी करतो, दोन भाग लाल माती, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत. नुसत्या काळ्या मातीत लावू नका, पावसात ती चिखल होते आणि मूळ गुदमरतं. कुंडीची भोकं बोट घालून मोकळी करा, त्यावर खापराचे तुकडे, आणि कुंडी फरशीवर टेकवून न ठेवता दोन विटांवर उचलून ठेवा. एवढंसं वाटतं हे, पण जुलैमध्ये माझी जी झाडं मेली ती सगळी विटा नसलेल्या कुंड्यांतली होती.

पिशवीतून काढताना पिशवी ब्लेडनं उभी कापा आणि मातीचा गोळा अख्खा उचलून खड्ड्यात ठेवा. मुळं मोकळी करायची, झटकायची, धुवायची असलं काही नाही. खोडाची मातीची रेघ जिथं होती तिथंच राहू दे, वर माती चढवू नका.

पाणी

पहिला महिना ओल राहील इतपत. त्यानंतर बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तर द्यायचं. पावसाळ्यात बहुतेक काहीच द्यावं लागत नाही. थंडीत आठवड्यातून दोनदा पुरतं. उन्हाळ्याचं शेवटी सांगतो, तिथंच लोक चुकतात.

खताचं फार मनावर घेऊ नका. वर्षातून एकदा, जूनच्या आधी, दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत. जास्त दिलंत तर पानंच पानं येतात, फांद्या लुळ्या पडतात आणि तुरा छोटा राहतो.

अळ्या दिसल्या तर

पावसाळ्यात एखाद्या सकाळी अर्धं पान गायब दिसेल आणि खाली काळे दाणे पडलेले. वर बघितलंत तर बोटाएवढी जाड हिरवी अळी असेल, शेपटाशी शिंगासारखा काटा. ती चावत नाही, तो काटाही टोचत नाही, मोठ्या पतंगाची अळी आहे. मी तिला राहू देतो. झाड मोठं असेल तर एखाद-दोन अळ्यांनी काही बिघडत नाही, नवीन पानं येतात. रोप अगदी लहान असेल तर काडीवर घेऊन दुसऱ्या मोठ्या झाडावर नेऊन सोडा. पिठ्या ढेकूण म्हणजे तो पांढरा कापसासारखा किडा पेराच्या बेचक्यात बसला तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा, वर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी फवारा, पण फुलं आल्यावर फवारू नका, भुंगे येत असतात, आणि भाजीला पानं तोडणार असाल तर बाजारातलं कुठलंही रासायनिक औषध तर नकोच.

भाजीसाठी कधी आणि किती तोडायचं

ठाणे-पालघर-रायगड पट्ट्यात आणि खाली कोकणात पावसाळ्यात ठाकर, कातकरी, वारली बायका भारंगीच्या पानांच्या जुड्या आणि नंतर फुलांचे वाटे घेऊन बसतात. मुरबाडच्या रस्त्यावर एका मावशींकडून मी जुडी घेतली, म्हटलं मावशी ही कडू असते ना, तर म्हणाल्या, "कडूच असते रं बाबा, पन पानी पिळून टाकलं का ग्वाड लागतं, आन शेंडा खुडावा, फांदी मोडू ने, खुडला तिथं दोन फुटतात." हे दुसरं वाक्य मी तेव्हापासून पाळतोय आणि झुडूप खरंच भरगच्च होतं. छाटणीचं वेगळं काही शिकायची गरजच नाही, जून-जुलैत शेंडे खुडले की भाजीही होते आणि छाटणीही. फक्त जुलै संपला की थांबायचं, कारण तुरा शेंड्यालाच येतो, नंतर खुडलंत तर फुलं गेली.

जुन्या निघंटूंमध्ये, म्हणजे आयुर्वेदातल्या वनस्पतींच्या कोशांत, भारंगीला खरशाक असंही नाव आहे, म्हणजे खरबरीत पानाची भाजी, तेव्हा हे खाणं आजकालचं नाही. करायची पद्धत साधी. कोवळी पानंच घ्या, जाड शीर काढून टाका, बारीक चिरा, भरपूर पाण्यात मीठ घालून उकडा, गार झाली की मुठीत घट्ट पिळा. पिळलेलं पाणी हिरवंगार आणि कडू असतं, ते फेकून द्यायचं. मग तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, त्यात भिजवलेली मूगडाळ नाहीतर हरभऱ्याची डाळ परतायची, डाळ शिजत आली की भाजी घालायची, गुळाचा छोटा खडा, शेवटी ओलं खोबरं. भाताबरोबर नाही, तांदळाच्या भाकरीबरोबर खा. फुलांची करायची तर फुलं मीठ लावून चोळून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्यायची, पुढचं तेच.

पहिल्यांदा खाताना थोडीच खा. आणि ओळखीची पूर्ण खात्री असल्याशिवाय रानातलं कुठलंच पान ताटात नको. मूळ उकळून काढा वगैरे घरच्या घरी करू नका, कुणाला दमा असेल, औषधं चालू असतील, बाई गरोदर असेल तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबातच नाही.

आणि उन्हाळा

आता ते राहिलेलं. दिवाळीनंतर फळं पिकतात, बुलबुल त्यांच्यावर येतात, तुम्हाला बी हवं असेल तर एखादा तुरा जाळीच्या पिशवीत बांधून ठेवा, बाकी पाखरांना. फेब्रुवारीपासून पानं पिवळी पडायला लागतात, मार्चपर्यंत झाड खराट्यासारखं होतं, आणि एप्रिलमध्ये काठ्या वाळून कडकड मोडतात. रानात हे असंच चालतं, वरचं सगळं वाळतं, कधी वणव्यात जळतंही, आणि खाली लाकडासारखा गड्डा जमिनीत शांत बसलेला असतो. घरच्या कुंडीत पाणी मिळत असेल तर झाड पूर्ण वाळत नाही, चार पानं धरून राहतं, पण रया गेलेली दिसते.

इथं दोन चुका होतात. एक तर लोक मेलं म्हणून कुंडी रिकामी करतात. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी असं एप्रिलमध्ये झाड उपटून टाकलं, मी बघायला गेलो तर कचऱ्यातल्या त्या मुळाला नखानं खरवडल्यावर आतून स्वच्छ ओलं पांढरं निघालं. दुसरी चूक म्हणजे वाळतंय म्हणून रोज बादलीभर पाणी, त्यानं झोपलेलं मूळ कुजतं. आठ-दहा दिवसांनी एकदा तांब्याभर पाणी, एवढंच, कुंडी सावलीत सरकवायची आणि वर वाळक्या पानांचा जाड थर द्यायचा. शंका आली तर खोडाच्या अगदी बुडाशी नखानं हलकं खरवडून बघा, हिरवं दिसलं तर प्रश्नच नाही, आणि तिथं सुकं दिसलं तरी पाऊस पडून महिना होईपर्यंत कुंडीला हात लावू नका.

जूनमध्ये पहिले दोन चांगले पाऊस झाले की पाचोळा बाजूला करून बघा. बुडाशी, मातीच्या अगदी लगत, जांभळट टोकाचे जाड कोंब दिसतील, एकापेक्षा जास्त. ते दिसल्यावरच जुन्या वाळक्या काठ्या कोंबांच्या वर चार बोटं ठेवून कापा, शेणखत कडेकडेनं टाका, खोडाला चिकटवू नका, आणि कुंडी परत सकाळच्या उन्हात ठेवा. कोंब वीतभर झाले की पहिला शेंडा खुडायला हरकत नाही.